तोल कुणाच्या हातात? जुन्या खेळांचे नियम आणि लिंबूटिंबू

अंबाजोगाईत आज व्याख्यानाला खेळाचा विषय घेतलाय, तेव्हा काहींच्या कपाळावर आठी येईल. मुकुंदराजांचं गाव, दासोपंतांचं गाव, आणि इथं फासे-सोंगट्यांवर बोलायचं? पण दासोपंतांनी इथंच सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर वेदान्त लिहून ठेवला. ती पासोडी आपण दाखवतो, मिरवतो. कापडावर विचार मांडता येतो हे ज्या गावाला माहीत आहे, त्या गावाला पटावरही विचार मांडलेला असतो हे वेगळं सांगायला नको. आजचं बोलणं त्या विचारावर आहे. समोर बसलेल्यांना आणि नंतर ऑनलाइन ऐकणार-वाचणार असलेल्यांना एकच विनंती, की खेळ हा शब्द आला म्हणून कान सैल सोडू नका.

सुरुवात एका शब्दानं करतो: लिंबूटिंबू. हा शब्द ज्याला समजावून सांगावा लागेल असा माणूस या सभागृहात नसावा. मोठी पोरं लपंडाव खेळतात, एकाचा धाकटा भाऊ मागं लागतो, रडतो. मग ठरतं, याला घ्या, पण हा लिंबूटिंबू. म्हणजे तो पळेल, लपेल, ओरडेल, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. कुठल्या पुस्तकात हा नियम नाही. तरी खेळाच्या तोलाचा याच्याइतका नेटका नियम आम्ही तरी दुसरा पाहिला नाही. दुसरा आठवा, भिडू वाटून घेण्याचा. दोन सारख्या ताकदीची पोरं गळ्यात हात घालून बाजूला जातात, कानात नावं ठरवतात, एक चंद्र, एक सूर्य, आणि गड्यापुढं येऊन विचारतात, कोण पाहिजे? गडी नाव निवडतो, माणूस निवडत नाही. जोडी मुळातच बरोबरीची लावलेली असते, त्यामुळं कुणीही कुठंही गेलं तरी डाव फारसा झुकत नाही.

इंग्रजीत ज्याला गेम बॅलन्स म्हणतात, तो हाच तोल. आजचा प्रश्न साधा आहे. खेळातला तोल म्हणजे सगळ्यांना सारखं देणं का? आणि तो ठेवायचा कुणी? आकड्यांनी, नशिबानं, की पंचानं? यासाठी आपण तीन खेळ बघू. दोन आपल्याकडचे आणि एक अमेरिकेतला, पन्नास वर्षांपूर्वीचा. त्या तिसऱ्यावर जास्त वेळ थांबू, कारण तोलाचं भांडण तिथं उघडपणे आणि लेखी झालं.

पहिला खेळ वाघ-बकरी. देवळाच्या फरशीवर, ओट्यावर कोळशानं रेघा मारायच्या आणि खडे मांडायचे. याची रूपं गावोगाव वेगळी. दक्षिणेत तीन वाघ आणि पंधरा शेळ्या असा एक प्रकार आहे, नेपाळात चार वाघ आणि वीस बकऱ्या. नेपाळी प्रकार घ्या. वाघ उडी मारून बकरी खातो, बकरी काहीच खात नाही. ती एक-एक करून पटावर येते, आणि सगळ्या येईपर्यंत आधी आलेलीनं हलायचंही नाही. पाच बकऱ्या गेल्या की वाघ जिंकला. बकऱ्यांनी जिंकायचं तर सगळे वाघ कोंडून टाकायचे, एकालाही हलायला घर ठेवायचं नाही. दोन्ही बाजूंची ताकद वेगळी, संख्या वेगळी, जिंकण्याचा अर्थही वेगळा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हा तर अन्याय आहे. पण संगणकशास्त्रज्ञांनी हा नेपाळी खेळ शेवटापर्यंत सोडवला आणि २००९ साली त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा, की दोघंही चूक न करता खेळले तर डाव बरोबरीत सुटतो. ज्यांनी हा खेळ घडवत आणला त्यांच्याकडं संगणक नव्हता, पिढ्यान्‌पिढ्या हरणं-जिंकणं होतं. म्हणजे सारखेपणा नसतानाही तोल असू शकतो. आजच्या बोलण्यातली ही पहिली गोष्ट पदरात बांधून ठेवा.

दुसरा खेळ मोक्षपट, आजच्या सापशिडीचा पूर्वज. आपल्याकडं परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते. ज्ञानेश्वरांचं आपेगाव इथून लांब नाही, बीड जिल्ह्याच्या उत्तरेच्या हद्दीवरून वाहणाऱ्या गोदावरीच्याच काठचं. परंपरेचा मान ठेवूनही एक गोष्ट नोंदवली पाहिजे, की हाती असलेले जुने पट त्यांच्या काळाच्या कितीतरी नंतरचे आहेत. देशभर असे पट सापडतात, वैष्णवांचे ७२ घरांचे, जैनांचे ८४ घरांचे. खाली जन्म, वर मोक्ष, मधे सद्‌गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप. बऱ्याच जुन्या पटांवर साप शिड्यांपेक्षा जास्त असतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला. तिथल्या पटांवर साप आणि शिड्या सारख्या होत गेल्या, गुणावगुणांची नावं बदलली आणि पुढं पुसलीही गेली. तोल सुधारला असं कुणी म्हणेल. आम्ही म्हणतो, अर्थ गेला. सापांची संख्या जास्त ठेवणाऱ्याला काहीतरी सांगायचं होतं: घसरण सोपी आहे, चढण अवघड आहे, आणि तरी खेळ सोडू नका. गणितही त्याच्या बाजूनं आहे. खेळत राहिलात तर कधी ना कधी शेवटच्या घरात पोचण्याची संभाव्यता पूर्ण १ आहे. उशीर होईल, पण कुणी कायमचं बाहेर राहणार नाही.

मोक्षपटात सगळे एकाच घरातून निघतात, साप कुणाची जात-पात विचारत नाही. पूर्ण समानता. पण खेळाडूच्या हातात काय? कवड्या टाकणं. एवढंच. शहाणा आणि वेडा इथं सारखाच खेळतो. म्हणजे इथं समानता आहे आणि कर्तृत्व शून्य. वाघ-बकरीत विषमता आहे आणि सगळं कर्तृत्व. दोन्ही टोकं समोर आली. आता तिसऱ्याकडं वळू. जाता जाता कवड्यांचा हिशेब मात्र करून घेऊ, तो पुढं लागणार आहे. सहा कवड्या टाकल्या आणि प्रत्येक उताणी-पालथी पडण्याची शक्यता निम्मी-निम्मी धरली, तर सहाच्या सहा उताण्या पडण्याची शक्यता ६४ मधे १. तीन उताण्या पडण्याची ६४ मधे २०. खरी कवडी नाण्याइतकी निःपक्ष नसते, तिची पाठ फुगीर असते, पण मुद्दा तोच राहतो. एका फाशात १ ते ६ सगळे सारखे. कवड्यांत मधलं वारंवार येतं, टोकाचं क्वचित.

तिसरा खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स. १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी तीन छोट्या पुस्तिकांत तो छापला. पहिली आवृत्ती हजार प्रतींची. या खेळाला ठरलेला पट नाही. एक जण पंच होतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. तो भुयार, राक्षस, खजिना रचतो. बाकीचे एकेक सोंग घेतात. कुणी लढवय्या, कुणी जादूगार, कुणी पुरोहित. पंच सांगतो, समोर दार आहे. खेळाडू सांगतो, मी कान लावून ऐकतो. पुढं काय होतं ते नियम, फासे आणि पंच मिळून ठरवतात. ज्या भागात भारुडातली सोंगं माणसं रात्र-रात्र बघत आली, तिथं हे कळायला अवघड नाही. आपल्याकडं सोंग आणि सोंगटी हे शब्द कानाला शेजारचे आहेत. या खेळात दोन्ही एक होतात.

आता समीक्षा. या जुन्या नियमांवर नेहमीचा आरोप असतो, की त्यात तोलच नव्हता. नव्या पिढीचे खेळाडू हसतात. आम्ही म्हणतो, तोल होता, पण तो चार वेगवेगळ्या जागी ठेवलेला होता. त्यातल्या दोन जागा उत्तम, एक संशयाची आणि एक सरळसरळ वाईट. आधी संशयाची.

पात्र तयार करताना सहा गुणांसाठी प्रत्येकी तीन फासे टाकायचे. बेरीज ३ ते १८. अठरा येण्याची शक्यता २१६ मधे १, आणि दहा किंवा अकरा येण्याची २१६ मधे ५४, म्हणजे चारात एक. आपल्या कवड्यांचाच न्याय. बहुतेक माणसं मधली, थोडी टोकाची. १९७४ च्या पुस्तिकांत या आकड्यांना फार वजनही नव्हतं. चांगला आकडा आला तर थोडा फायदा, वाईट आला तरी खेळ चालायचा. पुढच्याच वर्षी, १९७५ मधे, ग्रेहॉक नावाची पुरवणी आली आणि अचाट ताकदीला मोठं बक्षीस मिळालं. फासे तेच राहिले, त्यांच्यावरचं ओझं वाढलं. ज्याला अठरा पडले तो पहिल्या दिवसापासून पुढं. म्हणून १९७९ च्या पुस्तकात चार फासे टाकून सगळ्यात लहान सोडून देण्याची पळवाट आली. नियम करणाऱ्यांसाठी यात धडा आहे. नशिबानं माणसं वेगवेगळी झाली तर बिघडत नाही. त्या वेगळेपणाला जेवढी मोठी बक्षिसं चिकटवाल, तेवढा डाव झुकतो.

संशय आहे तो जादूगाराविषयी. १९८१ च्या सुटसुटीत आवृत्तीत पहिल्या पातळीच्या जादूगाराला हिट पॉइंट, म्हणजे जीव, १ ते ४. दिवसाला मंत्र एक. तो वापरला की हातात खंजीर घेऊन मागं उभं राहायचं. आमच्या टेबलावर एक जादूगार खेळ सुरू होऊन तास व्हायच्या आत गेला. त्याच्या खेळाडूनं उरलेली संध्याकाळ सगळ्यांना चहा करून देण्यात घालवली. उलट पाचव्या पातळीला हाच जादूगार पाच फाशांचा आगीचा गोळा फेकतो आणि लढवय्या बघत राहतो. बचाव असा केला जातो, की आधी सोसलं, नंतर मिळालं, हिशेब बरोबर. आम्हाला हा बचाव अर्धाच पटतो. हा उधारीचा तोल आहे. खेळ वर्षभर चालला तरच उधारी फिटते. मंडळी तीन महिन्यांत पांगली तर जादूगारानं सोसलं ते सोसलं, आणि लढवय्यानं शेवटचा कमीपणा बघितलाच नाही. पुढच्या हंगामात बघू, या वाक्यावर किती भरवसा ठेवायचा हे आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको.

आता उत्तम जागा. पहिली, खेळाडूच्या पायात. जुन्या भुयाराला मजले असत. जितकं खोल, तितका धोका मोठा आणि खजिनाही मोठा. अनुभवगुण मुख्यतः खजिना बाहेर आणल्यावर मिळत, राक्षस मारल्याचे त्या मानानं थोडे. म्हणून समोरचा राक्षस आपल्या ताकदीचा असलाच पाहिजे अशी हमी कुणी देत नव्हतं. किती खोल उतरायचं, कुठं लढायचं, कुठं बोलायचं, कुठं धूम ठोकायची हे खेळाडू ठरवत. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीनं प्रत्येक राक्षसाला आकडा दिला. या आकड्याचा राक्षस त्याच पातळीच्या चार जणांनी भेटावा, म्हणजे त्यांची साधारण पाचवा हिस्सा शक्ती खर्च होईल. हिशेब चोख झाला. पण सगळं आपल्या मापाचं येणार हे कळलं, की खेळाडू पळायचं विसरतो. बकरीला वाघ ओळखता येणं हीच तिची ताकद असते, तीच त्यातून गेली.

दुसरी उत्तम जागा अनुभवाच्या तक्त्यात आहे, आणि आज इथं हा विषय आणण्याचं खरं कारण तेच. १९८१ च्या नियमांत लढवय्याला दुसरी पातळी २,००० गुणांना, तिसरी ४,०००, चौथी ८,०००, पाचवी १६,०००, सहावी ३२,०००, सातवी ६४,०००, आठवी १,२०,०००. जवळजवळ दर पायरीला दुप्पट. नवव्या पातळीपर्यंत हीच चाल. आता समजा, बाकीचे सातव्या पातळीवर आहेत आणि नवा गडी शून्यापासून आला. बाकीच्यांना आठवी गाठायला ५६,००० लागतात. नवाही त्यांच्याबरोबर चालला, तितकेच गुण मिळवले, तर तोवर तो कुठं असतो? सहाव्या पातळीवर, सातवीच्या उंबऱ्याशी. सहा पायऱ्यांचं अंतर त्यांच्या एका पायरीत दोनावर येतं. कुणी त्याला फुकट काही दिलं नाही, सूट दिली नाही. तक्ताच असा आखला आहे, की उशिरा आलेला पोचतो.

आता आपल्या जिल्ह्याकडं बघा. दिवाळीच्या आसपास गाड्या भरतात, ऊसतोडीला माणसं जातात, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, म्हणजे डाव शून्यापासूनही नाही, शून्याच्या खालून सुरू होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, दोन माणसं राबतात आणि मोजणीत आकडा एक. त्यांच्याबरोबर गेलेलं पोर मार्च-एप्रिलमधे शाळेत परत येतं, तेव्हा वर्ग कितीतरी धडे पुढं गेलेला असतो. हंगामी वसतिगृहं आहेत, ज्यांचं मूल तिथं राहतं त्यांना आधार आहे. पण जे मूल गेलं आणि परत आलं, त्याच्यासाठी आपला तक्ता कसा आहे? पुढच्यांच्या एका पायरीत त्याला पाच पायऱ्या भरून काढू देणारा, की एकदा मागं पडलास तर कायमचा मागं, असा? खेळाचे नियम लिहिणाऱ्या दोन-चार माणसांनी जे साधलं ते आपल्याला साधू नये का, एवढंच विचारतो.

अर्थात एक गोष्ट तक्ता सांगत नाही. सातव्या पातळीच्या टोळीत पहिल्या पातळीचा गडी पहिल्याच फटक्यात मरू शकतो. तो जगला तरच दुप्पटीचं गणित त्याच्या उपयोगाचं. त्याला कोण जगवतं? बाकीचे. त्याला मधे चालवतात, मशाल धरायला देतात, ढाल पुढं करतात. हा छापील नियम नाही. याला आपण लिंबूटिंबू म्हणतो.

चौथी जागा वाईट, आणि ती लपवून जुन्याचं कौतुक करणं बरोबर नाही. १९७४ च्या नियमांत माणूस सोडून इतर कुळांत जन्मलेल्या पात्रांना वर मर्यादा होती. ड्वार्फ लढवय्याच होणार आणि सहाव्या पातळीपुढं जाणार नाही. हॉबिट चौथीपुढं नाही. किती खेळलात, किती शहाणपण दाखवलंत, फरक नाही. कारण काय? तोल. त्यांना जन्मतः काही खास शक्ती आहेत, म्हणून वर छत. १९७८ च्या पुस्तकात तर स्त्री-पात्राच्या ताकदीला पुरुष-पात्रापेक्षा खालची कमाल मर्यादा घातली होती. ती १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत गेली, कुळांवरची छतं २००० साली गेली.

जन्मावरून पायरी ठरवायची आणि तिला समाजाचा तोल म्हणायचं, ही युक्ती मराठवाड्यात कुणाला नवीन वाटणार नाही. म्हणूनच आम्ही ती ओळखतो. वाघाचं आणि बकरीचं बळ वेगळं असणं ही एक गोष्ट, कारण तिथं दोघांनाही जिंकता येतं आणि पुढच्या डावात बाजू बदलता येते. जन्मानं छत बांधणं ही दुसरी. पहिल्यात विषमता खेळाचा भाग आहे, दुसरीत ती खेळाबाहेरून आणून बसवलेली आहे. जुन्या नियमांचे भक्त दोन्हींना एकाच माळेत ओवतात, तिथं आमचा त्यांच्याशी वाद आहे.

राहता राहिला पंच. जुन्या नियमांतल्या प्रत्येक भोकाला एकच ठिगळ असतं, की पंच बघून घेईल. ही कल्पना या खेळापेक्षा जुनी आहे. १८२४ साली प्रशियात राइसवित्झनं सैन्यासाठी युद्धखेळाचे नियम छापले, तक्ते आणि फाशांनी भरलेले. ते इतके किचकट झाले, की १८७६ साली फर्डी द्यु व्हर्नुआ या सेनाधिकाऱ्यानं सुचवलं, तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंच सांगेल ते खरं. शंभर वर्षांनी हेच भांडण राक्षस-भुयारांच्या खेळात परत आलं. २००८ च्या चौथ्या आवृत्तीनं लढवय्या, जादूगार सगळ्यांना एकाच साच्याच्या शक्ती दिल्या, म्हणजे पंचावर काही सोडायला नको. त्याच सुमारास जुनं तेच बरं म्हणणाऱ्यांची चळवळ उभी राहिली.

पंच हा शब्द आपल्याकडं कबड्डीच्या मैदानावरही आहे आणि पारावरही. दोन्हीकडचा अनुभव सारखा आहे. पंच चांगला असेल तर नियमाच्या शंभर पानांची गरज नाही. भावकीतला असेल तर शंभर पानंही पुरत नाहीत. म्हणून पंच की नियम, हा प्रश्नच आम्हाला अपुरा वाटतो. विचारायचं ते हे, की ज्याच्या विरुद्ध निकाल गेला त्याला, का, असं विचारता येतं का? ज्या टेबलावर सगळ्यात दुबळ्या पात्राचा खेळाडू पंचाला थांबवू शकतो, तिथं जुने मोघम नियमही न्याय देतात. जिथं थांबवू शकत नाही, तिथं नव्या नियमांचा चोख हिशेबही शोभेचा.

व्याख्यानानंतर मागच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, सर, मग लिंबूटिंबू किती दिवस राहायचं? प्रश्न आमच्या सगळ्या बोलण्याला पुरून उरणारा आहे, म्हणून उत्तर इथं नोंदवून थांबतो. लिंबूटिंबूचा नियम पुढच्यांनी दया म्हणून पाळला, तर तो पोर कायमचा लिंबूटिंबूच राहतो. तो पोचावा म्हणून पाळला, तर एक दिवस तो स्वतःच म्हणतो, आता माझ्यावर राज्य आलं तरी चालेल. ते त्यानं म्हटल्यावर त्याला राज्य द्यायचं, टाळायचं नाही. आणि त्या दिवशी मागं लागून रडणारा दुसरा कुणीतरी धाकटा असतोच, त्याला आत घ्यायचं.